वेड, वेइड्ट की फाइट? नौपाड्यातल्या मूकपटांच्या चार रविवारांचा रिव्ह्यू

आधी कामाचं सांगते, म्हणजे ज्यांना तेवढंच हवंय ते इथूनच सटकू शकतील. कार्यक्रम म्हणजे कॉनराड फाइट या एकाच जुन्या जर्मन नटाचे सिनेमे. जागा ठाण्यात, नौपाड्यात, राम मारुती रोडवरून आत वळलं की एका जुन्या बिल्डिंगच्या पहिल्या मजल्यावरचा हॉल, एरवी तिथं योगाचे वर्ग आणि बारशी होतात. लिफ्ट नाही. खुर्च्या साधारण चाळीस, पुढच्या दोन रांगा प्लास्टिकच्या आणि मागच्या गादीच्या, त्यामुळे पाचच्या शोला लोक साडेचारलाच येऊन मागच्या रांगा धरतात आणि पडद्यासमोर मोकळं मैदान. चार रविवार, संध्याकाळी पाच ते साडेआठ (छापलंय आठ, विश्वास ठेवू नका), चारही रविवारचे मिळून माणशी ८०० रुपये, पंधरा वर्षांखालच्यांना निम्मे, त्यात चहा धरलाय, वडा धरलेला नाही. यूपीआय चालतं पण चालवणाऱ्या सरांचा फोन घरी राहिलेला असतो, सुटे न्या. संस्थेचं नाव मुद्दाम टाकत नाही, कारण पुढे थोडं कुरकुरणार आहे आणि माणूस भला आहे.

आता आम्ही तिकडे पोचलो कसे. आम्ही ऐरोलीचे, आमचे चिरंजीव वय वर्षे तेरा, बॅटमॅनच्या जोकरचा भक्त, खोलीत तीन पोस्टर. माझ्या ऑफिसातल्या एकीनं व्हॉट्सॅपवर या कार्यक्रमाचं पत्रक पाठवलं आणि त्यात शेवटी बारीक अक्षरात लिहिलं होतं की जोकरचा चेहरा ज्याच्यावरून काढला तो नट हाच. बस, झालं. मला मूकपटाचं काडीचं प्रेम नव्हतं, माझ्या डोक्यात मूकपट म्हणजे पळापळ, ढुंगणावर लाथ आणि वर टिणटिण पियानो.

पत्रकावर नटाचं नाव होतं 'कॉनराड वेड'. खरंच. म्हणजे छापणाऱ्यानं 'वेड्ट'मधला 'ट' खाल्ला होता. पहिल्या दिवशी सर त्याला 'वेइड्ट' म्हणत होते, पोरगं 'वेडा' म्हणत होतं, आणि मागून एका मुलीनं, जी पुण्यात जर्मन शिकून आलेली, सांगितलं की सर, जर्मनमध्ये व्ही चा उच्चार फ होतो, त्यामुळे तो 'फाइट'. चार रविवार हॉलमध्ये तिन्ही नावं चालू होती, मी फाइट लिहिते.

सर स्वतः एका जुन्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, कार्बन जाळून चालणाऱ्या प्रोजेक्टरपासून सगळं केलेलं, आणि त्यांनी सिनेमा लावायच्या आधी जे दाखवलं त्यासाठी माझ्या मते २०० रुपये तिथंच वसूल. एकच मिनिटाचा तुकडा दोनदा लावला. पहिल्यांदा माणसं तुरुतुरु पळतायत, पोरगं खिदळतंय. दुसऱ्यांदा तीच माणसं नीट चालतायत, एक बाई मान वळवून बघते तर चक्क बाई मान वळवून बघते. सर म्हणाले, तेव्हा कॅमेरा हातानं फिरवायचे, सेकंदाला १६, १८, २० असे फ्रेम पडायचे, पुढे बोलपट आले आणि मशीन २४ वर पक्कं झालं, आता जुनं रीळ त्या मशीनवर टाकलं की पळणारच. तुम्ही लहानपणापासून बघताय ती गंमत त्यांनी केलेली नाही, मशीननं केलीय. हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

पहिल्या रविवारी 'द कॅबिनेट ऑफ डॉक्टर कॅलिगरी', १९२० चा, दिग्दर्शक रॉबर्ट वीना. ज्यांनी नाव ऐकलं नाही त्यांच्यासाठी: जत्रेत एक म्हातारा तंबू टाकतो, तंबूत एक उभी पेटी, पेटीत सेझारे नावाचा तरुण, वय तेवीस आणि तेवीस वर्षं झोपलेला, म्हाताऱ्यानं उठवला की भविष्य सांगतो. गावातला एक मुलगा उत्साहात विचारतो मी किती जगणार, आणि उत्तर येतं, पहाटेपर्यंत. सगळी घरं वाकडी, खिडक्या तिरक्या, उजेड आणि सावल्यासुद्धा ब्रशनं रंगवलेल्या, म्हणजे आपल्याकडे नाटकाला रंगवलेले पडदे असायचे तसं पण रंगवणाऱ्याला ताप आलेला असताना. सेझारे म्हणजे आपला फाइट. सहा फुटांच्या वर उंच, हाडं आणि डोळे, अंगाला घट्ट काळे कपडे.

आणि इथं मला पेटीवाल्या काकूंबद्दल लिहायचंच आहे. मूकपटात मधे मधे पडद्यावर येणाऱ्या पाट्यांच्या मजकुराचं भाषांतर सर मोठ्यानं मराठीत वाचतात (यावर तक्रार पुढे) आणि बाजूला एक काकू पेटी वाजवतात, एक दादा तबला. काकू कुठल्याशा भजनी मंडळाच्या, त्यांनी हा सिनेमा आधी दोनदाच पाहिलेला म्हणे. जत्रेच्या सीनला त्यांनी मस्त गवळणीची चाल टाकली, लोक ताल धरायला लागले. मग पडद्यावरची पेटी उघडते, सेझारे उभा, डोळे मिटलेले, चेहरा पडद्याभर. तबला थांबला. आणि काकूंनी एकही सूर दाबला नाही, नुसता भाता हलवत राहिल्या. फस्स, फस्स, असा वाऱ्याचा आवाज फक्त. वर पडद्यावर त्याच्या पापण्या थरथरतात, पहिले थोड्या, मग परत मिटल्यासारख्या, मग एकदम सताड उघडे डोळे, आणि तो भाता श्वासासारखा चालूच. माझ्या शेजारचे आजोबा 'अरे बापरे' म्हणाले आणि मी पोराचा हात धरला, त्यानं धरू दिला, तेराव्या वर्षी ही फार मोठी गोष्ट आहे.

इंटरव्हलला सरांनी माणसाची माहिती सांगितली. जन्म बर्लिनचा, २२ जानेवारी १८९३. त्या काळचा मोठा नाट्यदिग्दर्शक मॅक्स राइनहार्टच्या डॉइचेस थिएटरमध्ये शिकला, तेवढ्यात पहिलं महायुद्ध, पूर्व आघाडीवर गेला, तिथं कावीळ आणि न्यूमोनिया झाला, १९१७ ला सैन्यातून सुटला आणि परत रंगमंचावर. कॅलिगरीच्या आदल्या वर्षी, १९१९ ला, त्यानं एक सिनेमा केला ज्यात तो व्हायोलिनवादक आहे, पुरुषावर प्रेम करणारा, आणि त्याला एकजण ब्लॅकमेल करतो, कारण पुरुषांमधले संबंध गुन्हा ठरवणारं जर्मन कायद्यातलं कलम १७५. १९१९ ला! अशा लोकांच्या हक्कांसाठी लढणारे डॉक्टर माग्नुस हिर्शफेल्ड त्यात स्वतः डॉक्टर म्हणून दिसतात. पुढच्याच वर्षी बंदी आली, आज त्याचे तुकडेच उरलेत. सरांनी चार-पाच मिनिटं दाखवली. हॉलमध्ये शांतता, थोडी अवघडलेली, मग एक साठीच्या बाई म्हणाल्या, आपल्याकडे ३७७ चा निकाल कधी लागला हो, आणि तीन जण एकदम म्हणाले २०१८. तिकडचं १७५ पूर्ण जायला १९९४ उजाडलं.

दुसरा रविवार माझा सगळ्यात आवडता आणि सगळ्यात वाईट चालवलेला. 'दास इंडिशे ग्राबमाल', म्हणजे भारतीय समाधी, १९२१, दिग्दर्शक योए माय, आणि फाइट त्यात महाराजा. भारतातला! या दिवशी सासूबाई आल्या होत्या, त्यांना मी 'आई, राजा-महाराजांचा पिक्चर आहे' एवढंच सांगून आणलं होतं. पहिली दहा मिनिटं बघून त्या म्हणाल्या, 'हे कुठलं गाव गं?' गाव बर्लिनजवळचं, वोल्टर्सडोर्फ, तिथं हा सगळा राजवाडा आणि देवळं उभी केली होती, लाकूड आणि प्लास्टर. वाघ आहेत, जमिनीत पुरलेला योगी बाहेर काढतात, तो हवं तिथं जाऊन हवं ते करतो. गोष्ट अशी की राणीनं एका इंग्रज अधिकाऱ्याशी सूत जमवलं म्हणून महाराजाला तिच्यासाठी समाधी बांधायचीय, आणि राणी अजून जिवंत आहे. राणीचं नाव सावित्री. इथं हॉलमधल्या समस्त बायका फुटल्या. आमच्या सासूबाई, ज्यांनी पन्नास वर्षं वडाला दोरा गुंडाळलाय, त्या म्हणाल्या, 'नाव ठेवायच्या आधी कुणाला विचारलंच नाही वाटतं त्या लिहिणारीनं.' लिहिणारीच होती, थेआ फॉन हारबू, तिच्या कादंबरीवरून पटकथा तिची आणि फ्रिट्झ लांगची. आणि सरांनी हळूच टाकलं की ह्याच बाईनं पुढे लांगशी लग्न केलं आणि त्याच्यापासून वेगळं झाल्यावर अयी तेंडुलकर नावाच्या मराठी पत्रकाराशी लग्न केलं. तेंडुलकर म्हटल्यावर झोपलेले दोघं पण जागे झाले.

पण हसून झाल्यावर फाइटकडे बघा. आजूबाजूला सगळे हातवारे करतायत, डोळे फिरवतायत, आणि हा बसलाय. डोक्याला फेटा, हात गुडघ्यावर, काही करत नाही. राग आला की मान अर्धा इंच वर. सासूबाईंनीच बरोबर पकडलं, 'बाकीच्यांची नाटकं चाललीत, हा राजा वाटतो खरा.' खोट्या देशाचा खरा राजा, आणि बर्लिनपासून तासाभराच्या अंतरावर.

वाईट काय, तर सिनेमाचे दोन भाग मिळून साडेतीन तासांच्या वर जातात, ते दाखवणं शक्य नाही हे मान्य, पण मग सरांनी मधले तुकडे स्वतः उभं राहून सांगितले, पडद्यासमोर, प्रोजेक्टरचा उजेड त्यांच्या शर्टावर, महाराजाचा अर्धा चेहरा सरांच्या पाठीवर. आणि ते रंगात आले की थांबत नाहीत. व्ही. शांताराम, प्रभातच्या 'सैरंध्री'चं रंगीत काम जर्मनीत झालं, १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये चंद्रमोहनचा तो पडदाभर डोळा, त्यावर जर्मन सिनेमाची सावली कशी, सगळं भारी आहे, पण सर, ते चहाच्या वेळेला सांगा ना. पाट्या वाचायचं पण तेच. ज्यांना वाचता येत नाही किंवा चष्मा विसरलाय त्यांच्यासाठी वाचन बरं पडतं, मूकपटाच्या काळी थेटरात असं वाचून दाखवणारे असायचेच. फक्त सर पाटी वाचून झाल्यावर स्वतःचं एक वाक्य जोडतात. 'पहाटेपर्यंत,' असं वाचलं की पुढे 'आता बघा हं गंमत' कशाला?

तिसऱ्या रविवारी काकू आल्या नाहीत, घरचं लग्न होतं. आणि पेनड्राइव्ह तीनदा अडकला. एकदा तर नेमका वीस मिनिटं, तेवढ्यात आम्ही खाली जाऊन वडापाव खाऊन आलो, परत आलो तर सर अजून वायर काढतायत, घालतायत. डास या हॉलमध्ये नेहमीचे आहेत, त्या दिवशी जास्त वाटले.

तरी तो दिवस पोराचा. 'द मॅन हू लाफ्स', १९२८, हॉलिवूडचा पण दिग्दर्शक पॉल लेनी जर्मन, व्हिक्टर ह्यूगोच्या कादंबरीवरचा. तेव्हा फाइट अमेरिकेत आला होता, तिकडचा नट जॉन बॅरीमोरनं बोलावलं म्हणून. गोष्टीत राजाच्या हुकमानं एका लहान मुलाचं तोंड कापून कायमचं हसरं केलेलं असतं, मोठा होऊन तो जत्रेत लोकांना हसवतो. सोबत एक आंधळी मुलगी आणि होमो नावाचा लांडगा (कुत्राच आहे, पण काम झकास). हे हसू मेकअपनं नुसतं रंगवलेलं नाही. कवळीसारखं एक साधन तोंडात बसवलेलं आणि त्याच्या आकड्यांनी ओठांचे कोपरे मागे खेचलेले. ते घातलं की बोलता यायचं नाही. सिनेमा मुका होता म्हणून निभावलं म्हणायचं. माझ्या पोराला वर्षापूर्वी दाताच्या तारा लागल्यात, तो हे ऐकताना जिभेनं स्वतःच्या तारा चाचपत होता.

मग सरांनी एक गोष्ट केली ज्यासाठी त्यांचं पडद्यासमोर उभं राहणं मी माफ केलं. त्याचा एक क्लोजअप थांबवला आणि म्हणाले, हात लांब करा, एक डोळा मिटा, तळहातानं त्याचं तोंड झाका. पस्तीस-चाळीस माणसं अंधारात हात वर करून बसली, आजोबा, कॉलेजची पोरं, मी. तोंड झाकलं की वर दोन डोळे, आणि ते डोळे रडतायत. हात काढला की हसतोय. परत झाकलं, परत काढला. पोरगं किती वेळ ते करत होतं, सिनेमा पुढे सुरू झाला तरी याचा हात वरच. १९४० मध्ये बॅटमॅनच्या पहिल्या अंकात जोकर आला तो याच फोटोवरून, कुणी आधी सुचवलं यावर जोकर घडवणाऱ्या तिघा जणांमध्ये, म्हणजे केन, फिंगर, रॉबिन्सन यांच्यात, शेवटपर्यंत एकमत झालं नाही, पण फिंगरनं फाइटचा फोटो आणला हे पक्कं. घरी येऊन पोरानं तिन्ही पोस्टरवर हात धरून बघितलं. म्हणाला, 'आई, यांचे डोळे पण हसतायत.' एक पोस्टर त्या रात्री उतरलं.

चौथा रविवार म्हणजे पूर्ण सिनेमा नाही, तुकडे आणि गप्पा, पत्रकात 'समारोप' असं लिहिल्यामुळे दहा-बारा जण आलेच नाहीत. चूक केली त्यांनी.

बोलपट आले, फाइटचं इंग्रजी कच्चं, म्हणून १९२९ ला तो जर्मनीत परत आला. चार वर्षांत हिटलर. १९३३ ला फाइटनं इलोना प्रागर या ज्यू बाईशी लग्न केलं, त्याचं हे तिसरं लग्न. त्या सुमारास सिनेमात काम करणाऱ्यांना वंश कोणता ते फॉर्मवर लिहून द्यायचं होतं. हा ज्यू नव्हता. सांगतात की त्यानं रकान्यात लिहिलं, 'ज्यू'. आणि बायकोला घेऊन इंग्लंडला निघून गेला. पुढच्याच वर्षी तिकडे 'ज्यू झ्यूस' नावाच्या सिनेमात ज्यू माणसाची मुख्य भूमिका केली, ज्यूंच्या बाजूचा सिनेमा, झालं, जर्मनीची दारं बंद. १९३९ ला ब्रिटिश नागरिक झाला, युद्धासाठी बरेच पैसे दिले.

आता कॅलिगरीतला तो म्हातारा आठवा, पेटीचा मालक, झोपलेल्याकडून हवं ते करून घेणारा. ते काम केलं होतं वेर्नर क्राउसनं. तो जर्मनीतच राहिला, आणि १९४० ला नाझींनी त्याच झ्यूसच्या नावानं जो विषारी प्रचारपट काढला त्यात त्यानं एक सोडून अनेक ज्यू पात्रं रंगवली, सगळी ओंगळ. आणि एमिल यानिंग्स, ज्याला नटाचं पहिलं ऑस्कर मिळालं, तोही मायदेशी जाऊन नाझींच्या सिनेमांत रमला. त्या यानिंग्सची बायको गुसी होल ही फाइटची पहिली बायको. हे ऐकल्यावर मागून कुणीतरी म्हणालं, 'ही तर सिरियल झाली.' सर हसले नाहीत. त्यांनी काही न बोलता पहिल्या रविवारचा एक फोटो परत लावला, तंबूतला, म्हातारा आणि सेझारे शेजारी शेजारी. तेवढा वेळ कुणीच काही बोललं नाही, सरही नाहीत, आणि सरांचं गप्प बसणं काय असतं ते चार रविवार काढलेल्यांनाच कळेल.

मग आवाज. तीन रविवार ज्याचा चकार शब्द ऐकला नव्हता तो १९४० च्या 'द थीफ ऑफ बगदाद'मध्ये जाफर होऊन बोलायला लागला, खोल, संथ, प्रत्येक शब्द ठेवून ठेवून, आणि पोरगं ओरडलं, 'अरे, बोलतो हा!' सगळा हॉल हसला, पण प्रत्येकाच्या मनात तेच होतं. त्यात साबू पण आहे, आपला म्हैसूरकडचा, माहुताचा मुलगा. आणि शेवटी 'कासाब्लांका'तला मेजर स्ट्रासर, नाझी अधिकारी. ज्यांच्यामुळे देश सोडला त्यांचाच गणवेश घालायची वेळ आली, कारण हॉलिवूडला जर्मन बोलीचा खलनायक हवा होता, आणि त्यानं तो असा केला की आजही त्याला बघून पोटात गोळा येतो. सिनेमा अमेरिकेत सगळीकडे लागला जानेवारी १९४३ मध्ये, आणि ३ एप्रिलला लॉस एंजेलिसमध्ये गोल्फ खेळता खेळता हार्ट अटॅक. पन्नास वर्षांचा होता. हिटलर हरलेला त्यानं बघितला नाही.

काकूंनी या दिवशी पेटी आणली होती पण वाजवायला काही नव्हतं, सगळे तुकडे बोलणारे. शेवटी सरांनी विनंती केली म्हणून त्यांनी सेझारे उठतो तेवढा दोन मिनिटांचा सीन परत वाजवला. यावेळी भात्यानंतर, डोळे उघडल्यावर, एकच सूर दिला, खालचा सा. मला पहिल्या वेळचंच जास्त आवडलं, तसं मी त्यांना सांगितलं, तर म्हणाल्या, 'अगं त्या दिवशी मी सूर द्यायचा विसरले होते.'

रेटिंग द्यायचं तर पाचपैकी चार. एक अर्धा पेनड्राइव्हचा आणि अर्धा सरांच्या पाठीचा कापला. लहान मुलांना नेणार असाल तर बारा-तेराच्या वरची न्या, कॅलिगरीला आमच्या पुढची एक चिमुरडी रडून बाहेर गेली. गुडघेदुखीवाल्यांनी जिन्याचा विचार करा, पायऱ्या उंच आहेत. गाडी नेऊ नका, राम मारुती रोडला रविवारी संध्याकाळी पार्किंग शोधण्यात पहिली दहा मिनिटं जातील, स्टेशनवरून चालत या नाहीतर रिक्षा करा, आणि ऐरोली-वाशीकडचे असाल तर ट्रेनचा ब्लॉक बघून निघा. पुढची बॅच दिवाळीनंतर आहे, नट कोण ते सर सांगत नाहीत. पोरानं आमची तीन नावं दिलीयत, तिसरं आजीचं, तिला न विचारता.